उत्तर फाटकाची वही

मंगळवार, ९ एप्रिल

आदरणीय अबू मुफलेह काका,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितो आहे. अकरा वेळा लावला. बारावा लावायचं धाडस झालं नाही. हे पत्र घोरच्या बसचे चालक खलफ यांच्याजवळ देतो आहे. ते म्हणाले, "टोमॅटोच्या पेट्या चढवायला थांबतो तेव्हा देईन. उत्तराचं मात्र माझ्यावर नको. तुझा काका आजकाल माझ्याशीपण दोनच शब्द बोलतो, आणि त्यातला एक सलाम असतो."

उम्म मुफलेह काकू, हे तुम्हीच वाचून दाखवत असणार. तुमचा चष्मा बदलायचा राहिला आहे असं काका म्हणायचे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि ओळी लांब सोडल्या आहेत. कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे. खाडाखोड कुठे दिसली तर ती खलफच्या बोटांची समजा.

इथे वर अजून थंडी आहे. सकाळी वारा इतका असतो की फाटकाचा अडसर आपोआप हलतो आणि मला वाटतं कोणी उचलला. तुमच्याकडे खाली घोरच्या खोऱ्यात उकाडा सुरू झाला असेल. तब्येत कशी आहे? इन्सुलिन मिळतंय ना? तुम्हाला कामावरून कमी केल्यावर विम्याचं कार्ड परत घेतलं का, की महिनाअखेरपर्यंत चालतं? विद्यापीठाच्या कार्यालयात विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" मला काय करायचंय हे त्यांना सांगता आलं नाही.

तुमच्या जागी एक नवीन मुलगा आला आहे. तो कार्ड न बघता "जा, जा" म्हणतो. परवा मी त्याला तुमची पद्धत सांगितली, की आधी चेहरा बघायचा, मग कार्ड, मग पुन्हा चेहरा. तो म्हणाला, "मला त्यांच्याशी लग्न करायचंय का?"

तुमच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत: खुर्चीवरची उशी, सुयांचा डबा, चहाचा पेला, आणि टेबलाच्या खणात तुमच्या नावाचा शिक्का. शिक्क्याला शाई लागलेली होती, ती पुसली. या वस्तू खलफबरोबर पाठवू का?

बाकी सर्व ठीक.

तुमचा
सत्ताम


सोमवार, १५ एप्रिल

आदरणीय काका,

खलफनी निरोप दिला. काकू म्हणाल्या म्हणे, "हवापाणी आम्हालाही घराबाहेर पडलं की कळतं. कामाचं काही असेल तर लिही, नाहीतर कागद वाचव." आणि तुम्ही म्हणालात, "शिक्का राहू दे त्याच्याकडे. आता मी तो कशावर मारू?"

हे वाक्य मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरतो आहे. काल एका प्राध्यापिकेच्या गाडीचा नंबर दोनदा लिहिला.

कामाचं लिहितो. चौकशी समितीचा अंतिम कागद आला. त्यात असं आहे की, विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, ३१ मार्चला, उत्तर फाटकातून कुदळीचे बावीस दांडे आत आले आणि त्यांनीच मारामारी झाली. प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघायचा आदेश असताना ज्येष्ठ रक्षक सकाळी नऊ चाळीस ते दहाच्या दरम्यान जागा सोडून खोलीत खात बसला होता. त्या वेळातल्या नोंदीत संशयास्पद गाडी नाही, आणि पानावर तपासणाऱ्याचा शिक्का आहे. म्हणून ज्येष्ठ रक्षकाला सेवेतून काढण्यात यावं. निवृत्तीला सात महिने राहिले होते हे कागदात कुठेही नाही. साखर उतरून तुमचे हात थरथरायला लागले होते आणि "जा काका, भाकरी खाऊन या, मी बघतो" असं मीच म्हणालो होतो, हेही नाही.

मी समितीसमोर काय म्हणालो ते तुम्ही ऐकलंत. "गर्दी होती, साहेब. एखादी गाडी नजरेतून सुटली असेल." हे खोटं नव्हतं. गर्दी होतीच. दोन्हीकडची मुलं घोषणा देत होती, आमची इकडून आणि डोंगरापलीकडची तिकडून. उमेदवार दोन असले तरी खरी निवडणूक कुळांचीच असते हे विद्यापीठात कुलगुरूंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आपले सुरक्षाप्रमुख अबू राकान आदल्या दिवशी आपल्याला रांगेत उभं करून म्हणाले होते, "गुन्हा पकडण्यात मोठेपणा नाही, तो फाटकाबाहेर थांबवण्यात आहे." आणि तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "याला विचार, फाटकावरचा कॅमेरा गेल्या वर्षी उंदरांनी कुरतडला तो कधी दुरुस्त होणार?"

मी हसू दाबलं होतं.

तुम्ही त्या दिवशी समितीपुढे एवढंच बोललात, "मी भाकरी खात होतो, हे खरं आहे." एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी बुटाच्या नाडीकडे पाहत होतो. तुम्ही का पाहिलंत ते मला विचारायचं आहे, पण पत्रात विचारता येत नाही.

ऐहमबद्दल तुम्हाला कळलं असेल. डोंगरापलीकडचा, स्थापत्यचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा. डावा डोळा गेला. दांडा कोणाचा होता ते धक्काबुक्कीत कोणाला नक्की सांगता येत नाही. दांडे कोणी आणले तेही कोणी सांगत नाही. येत्या शुक्रवारी आमची वडीलधारी माणसं त्यांच्याकडे जाहा घेऊन, समेट मागायला, जाणार आहेत. आधी बदला न घेण्याची साडेतीन दिवसांची मुदत घेतली होती, ती दोनदा वाढवली. आता कायमचा समेट. फलाह काका, म्हणजे माझे मोठे चुलते, पुढे असतील. कॉफी ओतायला मला नेणार आहेत. म्हणतात, "तुझा हात सांडत नाही."

सत्ताम


शनिवार, २० एप्रिल

काका,

काल समेट झाला. आता जे लिहितो ते काकू, तुम्ही आधी मनात वाचा आणि मग त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते ठरवा. नाही, थांबा. वाचून दाखवाच.

दीडशे माणसं होती. लांब काळा तंबू, दोन्ही बाजूंना ओळीने गाद्या. आमची माणसं येऊन बसली. मी पहिला पेला ओतून फलाह काकांच्या हातात दिला. त्यांनी रिवाजाप्रमाणे तो न पिता समोर सतरंजीवर ठेवला. मग ते म्हणाले, "आमची कॉफी तुमच्यापाशी अडली आहे. आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय ती ओठांना लागणार नाही." ऐहमच्या वडिलांनी बराच वेळ त्या पेल्याकडे पाहिलं. कॉफी निवायला लागली होती. मग म्हणाले, "तुमची कॉफी प्या. देवासाठी, आलेल्या पाहुण्यांसाठी, आणि या मुलांनी उद्या एका बाकावर बसावं म्हणून माफ केलं." सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. फोटो निघाले. न्यायालयातला हक्क सोडला. विद्यापीठाचा माणूस होता, त्याने तिथेच जाहीर केलं की काढून टाकलेल्या सर्व मुलांची शिक्षा एका सत्राच्या निलंबनावर आणली आहे.

सर्व मुलांची. मी किटली हातात घेऊन वाट पाहत होतो, की आता कोणीतरी तुमचं नाव घेईल. कोणी घेतलं नाही. परतताना गाडीत मी फलाह काकांना म्हटलं, "अबू मुफलेहचं काय?"

"कोण अबू मुफलेह?"

"फाटकावरचे. घोरचे."

"हां, तो काळा म्हातारा? त्याचं काय? त्याला कोणी मारलंय का?"

"त्यांना कामावरून काढलंय."

"मग त्याची माणसं येऊ देत विद्यापीठाकडे. आम्ही कोण?" आणि पुढच्या सीटवरच्यांना म्हणाले, "पोराचं मन मऊ आहे. बायको बघा रे याला लवकर." सगळे हसले. मीही हसलो असेन.

पण हे लिहायला बसलो नव्हतो.

तंबूत ऐहम टोकाला बसला होता, डोळ्यावर पांढरी पट्टी. त्याला पेला दिला तेव्हा तो हळूच म्हणाला, "तू उत्तर फाटकावरचा ना? वहीवाला?"

"हो."

"त्या दिवशी तुझ्या म्हाताऱ्याने माझी बॅग उघडली होती. कंपासपेटीपण उघडायला लावली. मी म्हटलं, काका, मी बांधकाम शिकतो, खून नाही. तर म्हणाला, 'बाळा, तुझी उघडली म्हणजे सगळ्यांची उघडता येते.'" मग त्याने पेला हलवला, आता पुरे अशी खूण केली, आणि म्हणाला, "सगळ्यांची उघडली होती ना?"

मी पुढे सरकलो. पुढच्या माणसाच्या बोटांवर कॉफी सांडली. लोक म्हणाले, अरे, याचा हात तर सांडत नाही म्हणत होतात!

काका, नऊ सत्तेचाळीसला बर्जस आला. माझा चुलतभाऊ, फलाह काकांचा मुलगा, गेली तीन वर्षं चौथ्या वर्षाला असलेला. पांढरी गाडी. तुम्ही खोलीत गेला होतात. मी म्हटलं, "उतर. डिकी उघड."

तो खिडकीतून हसला. "कोणाची? माझी?"

"आज सगळ्यांची उघडतोय."

"डिकीत माझ्या आईने केलेलं मनसफ आहे, मुलांसाठी. उघडलंस की वाफ जाईल, मग तूच तिला उत्तर दे." मी तिथेच उभा राहिलो. मग तो आवाज चढवून मागच्या गाड्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा रे! याच्या अंगावर हा गणवेश चढवला तो माझ्या बापाच्या शब्दाने, आणि आज हा आमची झडती घेतोय! उद्या आईच्या ओढणीतपण हात घालशील का रे, सत्ताम?"

मागून हॉर्न वाजत होते. आमच्यातल्या दोन मुलांनी पाहिलं. आमच्यात चुलतभावाची डिकी उघडणं म्हणजे त्याला चारचौघांत चोर म्हणणं. हे तुम्हाला सांगायला नको. मी अडसर उचलला.

वासही आला नव्हता, काका. भातावर इतकं तूप आणि मटण असेल तर वास येतो. तेवढं मला तेव्हाच कळलं होतं.

आणि वहीत ती गाडी लिहिली नाही. क्रमांक, वेळ, गाडी, चालक, काम, शेरा. "शेरा" या रकान्यात "डिकी तपासली" असं प्रत्येक ओळीत होतं. त्याच्या ओळीत काय लिहू? खोटं लिहायला हात धजेना आणि खरं लिहायलाही. म्हणून एकसष्टनंतर बर्जसच्या मागची गाडी बासष्ट केली. वही अगदी स्वच्छ दिसते. समितीतल्या एका साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुकही केलं.

दुपारी पान संपलं तेव्हा रुग्णवाहिका येऊन गेली होती. तुम्ही शिक्का काढलात, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडलीत, आणि रोज विचारता तसं विचारलंत, "सगळं लिहिलंस का, बाळा?"

मी म्हणालो, "हो."

तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही माझ्या शब्दावर शिक्का मारलात. आता तुम्हाला कळलं. मला लगेच काही उत्तर नको.

सत्ताम


बुधवार, २४ एप्रिल

काका,

खलफ आज बस सुरू ठेवूनच खिडकीतून ओरडून निरोप देत होते, मागे प्रवासी शिव्या घालत होते. म्हणाले, "तुझ्या काकाने ऐकलं सगळं. काकू रडली, मग चिडली, मग पुन्हा वाचलं. आणि काका म्हणाला, त्याला सांग, गाडीचा मागचा उजवा दिवा फुटलेला होता, त्यावर लाल कागद चिकटवला होता."

बस गेली. मी रस्त्यातच उभा राहिलो.

तो दिवा बर्जसने फेब्रुवारीत फोडला. लाल कागद मीच चिकटवून दिला होता. खोलीच्या खिडकीतून गाडीचा मागचा भागच दिसतो, पुढचा नाही. म्हणजे तुम्ही भाकरी हातात घेऊन खिडकीशी उभे होतात. मी अडसर उचलताना पाहिलंत. आणि दुपारी शिक्का हातात धरून "सगळं लिहिलंस का" विचारलंत ते रोजचं विचारणं नव्हतं.

मी इतके दिवस असं समजत होतो की मी एका न वाचणाऱ्या माणसाला फसवलं. तुम्ही ओळ न वाचताही काय सुटलं आहे ते जाणत होतात आणि तरी मारलात शिक्का. समितीपुढे माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मला वाटलं की आधार मागताय. तुम्ही तर मी बोलेन म्हणून थांबला होतात. तिथे, आणि नंतरही. फोन उचलला असतात तर मी फोनवर "गर्दी होती" म्हणालो असतो, हेही तुम्हाला माहीत असणार.

मला दोन वर्षांपूर्वीचं आठवतं. उपाहारगृहासमोर त्या दोन मुलांनी एकमेकांची कॉलर धरली होती, एकाच्या हातात सुरी होती. अबू राकान वायरलेसवर ओरडत होते. तुम्ही सुरीवाल्याजवळ गेलात आणि सदरा वर करून म्हणालात, "बाळा, माझा हात थरथरतोय, ही सुई टोचून देतोस का? तुझा हात स्थिर दिसतो." त्याने सुरी खिशात टाकली, का तर दोन्ही हात लागणार होते. नंतर मी विचारलं, खरंच हात थरथरत होता का? तुम्ही म्हणालात, "त्याचा थरथरत होता." त्या दिवसाची नोंद मी वहीत काय करू विचारलं तर म्हणालात, "काही झालंच नाही, मग काय लिहिणार?"

तेवढी एकच गोष्ट तुम्ही लिहू दिली नव्हती.

आज कागद लिहून अबू राकानकडे नेला. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, माझी सही. त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"सत्ताम, प्रकरण मिटलं आहे. दीडशे माणसांनी कॉफी प्यायली. तुला ती परत किटलीत ओतायची आहे का?"

"साहेब, अबू मुफलेहची काही चूक नाही."

"मला माहीत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की तो म्हातारा जागा सोडून गेला नसता तुझ्या भरवशाशिवाय. पण कोणीतरी जायला हवं होतं. त्याच्यामागे कोणी उठणार नव्हतं. तू गेला असतास तर तुझ्यामागे शंभर उठले असते, आणि आणखी एक डोळा गेला असता. यालाच गुन्हा थांबवणं म्हणतात, पोरा. जा, फाटकावर जा."

मी फाटकावर आलो. गाड्यांच्या मधल्या वेळात उभ्यानेच लिहितो आहे. म्हणून हे अक्षर असं. माफ करा, पक्कं करायला वेळ नाही. फलाह काकांचा फोन आला आहे, संध्याकाळी बोलावलं आहे. अबू राकाननी सांगितलं असणार.

सत्ताम


सोमवार, २९ एप्रिल

काका,

सलग सांगतो, नाहीतर मी मध्येच दुसरं काही सांगायला लागेन.

फलाह काकांनी मला समोर बसवलं. बर्जस दाराशी उभा होता, फोनवर बोटं फिरवत. फलाह काका म्हणाले, "समेटाला दोन जामीनदार आहेत. मोठी माणसं. तू तोंड उघडलंस तर त्यांच्या तोंडाला काळं फासलं जाईल. एका घोरच्या माणसासाठी?"

मी म्हटलं, "मग त्यांच्यासाठी जाहा न्या. तुम्ही पुढे व्हा, मी किटली धरतो. कुलगुरूंकडे जाऊ."

बर्जस फिसकन हसला. "फाटकवाल्यासाठी जाहा! मग झाडूवाल्यासाठीपण नेऊ. मांजरासाठीपण."

फलाह काकांनी त्याला गप्प केलं, पण मला म्हणाले ते तेच होतं, फक्त सभ्य शब्दांत.

काल सकाळी कामावर गेलो. वही उघडली. काका, तुम्हीच शिकवलं होतं की वहीचं पान फाडता येत नाही, कारण पानांवर छापील क्रमांक आहेत, आणि दिवस संपला की वही अबू राकानकडे जात नाही, थेट कुलसचिवांच्या कार्यालयात जाते. कागद परत देता येतो. वही परत देता येत नाही.

कालच्या गाड्यांच्या मध्ये, अठ्ठाविसाव्या ओळीत मी लिहिलं: "उशिराची नोंद. ३१ मार्च, ९.४७. पांढरी गाडी, मागचा उजवा दिवा फुटलेला. चालक: बर्जस फलाह, माझा चुलतभाऊ. डिकी तपासली नाही. अडसर मी उचलला. ज्येष्ठ रक्षक माझ्या सांगण्यावरून औषधाच्या वेळेला खायला गेले होते. त्या दिवशी ही ओळ मी मुद्दाम सोडली." खाली सही. अक्षर नेहमीचं आलं. आश्चर्य वाटलं.

नवीन मुलाने वाचलं. म्हणाला, "तू वेडा आहेस का?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "पान भरलं की तपासणाऱ्याची सही मी करायची ना?" मी म्हटलं, तुझी इच्छा. त्याने केली. आणि त्यानंतरच्या प्रत्येक गाडीची डिकी उघडली, कुलगुरूंचीपण.

आज दुपारी मला निलंबित केलं. बर्जसचं निलंबन पुन्हा चौकशीत गेलं. तुमचा कागद "पुनर्विचारासाठी" वर गेला आहे, असं त्याच कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं. या वेळी त्यांनी "तुला काय करायचंय" असं विचारलं नाही. पुनर्विचार म्हणजे काय होईल ते मला माहीत नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही.

मला सगळ्यात भीती समेटाची होती. घरी येताना प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बघत होतो. पण ऐहमच्या वडिलांनी आमच्या जामीनदारांना फोन करून सांगितलं म्हणे, "मी ती कॉफी प्यायलो आहे. प्यायलेली मी ओकत नाही. पण त्या पोराला सांगा, माझ्या मुलाने विचारलं त्याचं उत्तर त्याने द्यायला हवं होतं, पेला भरायला नको होता."

फलाह काकांनी निरोप पाठवला आहे की त्यांच्या दारात मी येऊ नये. आईने तो निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि विचारलं, "दुसरं काही आहे का?"

सत्ताम


गुरुवार, २ मे

आदरणीय काका, आदरणीय काकू,

उद्या शुक्रवारी नमाजानंतर खलफच्या बसने मी येतो आहे. सोमवारपासून रोजे सुरू होतील, मग दिवसा कोणाच्या दारात कॉफी मागता येणार नाही, आणि महिनाभर थांबणं माझ्याच्याने होणार नाही.

जाहाला माणसं लागतात. मी चार जणांना विचारलं. दोघांना काम निघालं, एकाने ऐकलंच नाही असं केलं, चौथा हसला. तेव्हा आई म्हणाली, "मी येते."

मी म्हटलं, "आई, बायका जाहात जात नाहीत."

"मला शिकवू नकोस. मी आत काकूंकडे बसेन. पण बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसलंय ते घोरची माणसं बघतील ना? तेवढं पुरे."

म्हणजे आम्ही दोघं. खलफ म्हणाले, "मला तिसरा धर. तसाही पेट्या चढेपर्यंत मी रिकामाच असतो."

तुमचा शिक्का आणला आहे. उशी आणि डबाही.

काकू, कॉफी करायची नसेल तर करू नका. चूल पेटलेली नसली की आम्ही समजू, आईला सलाम करायला लावून त्याच बसने परतू. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

पण ओतलीत, तर मी पेला हातात घेऊन खाली ठेवीन आणि रिवाजाप्रमाणे मागणं मांडीन. तुमचं काम परत मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही, डोळा परत देऊ शकत नाही. माफ करा असं म्हणायचा हक्क ऐहमच्या घरी जाऊन आल्यावर; तिथे रविवारी जाणार आहे, किटलीशिवाय. तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे, काका. मी पेला खाली ठेवला की, शिक्का हातात घेऊन विचारायचात तसं, एकदा मला पुन्हा विचारा.

सत्ताम